चौकटी आणि प्रश्नचिन्हं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा संपला आणि आमच्या ऑफिसात जुनी यंत्रं बदलायची एकच धांदल उडाली. ऑफिस दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये. नाव ऐकून चिपा बनवणारे कारखाने डोळ्यांपुढे येतात, आणि २००४ च्या सुमारास दुबई सरकारने हा ७.२ चौरस किलोमीटरचा तुकडा वाळवंटातून वेगळा काढला तेव्हा बेतही इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचाच होता. आज इथे माझ्यासारखे की-बोर्ड बडवणारे जास्त. असो. तर नवीन यंत्रं आली आणि लोकांची तक्रार काय? स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उठून मधे का आलं! एका इजिप्शियन सहकाऱ्याने तर सकाळभर त्यावर भाषण दिलं.

मला हसू येत होतं. विंडोज गेली तीस वर्षं बदलतेच आहे. पाठीमागचं चित्र बदलतं, बटणाचे कोपरे गोल होतात, पुन्हा चौकोनी होतात. पण मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर ह्या सगळ्या इतिहासात मोठा बदल एकदाच झाला: विंडोज ९८ जाऊन तिच्या जागी विंडोज एक्सपी आली तेव्हा. तो बदल काय होता हे मला दुबईत बसून, अरबीच्या शेजारी बसून, जास्त नीट कळलं. आणि त्या बदलात माझ्या हातून एक नुकसान झालं, त्याचं काम अजून चालू आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

विंडोज ९८ बाजारात आली २५ जून १९९८ ला. तिच्या पोटात अजून डॉस होतं, आणि डॉसच्या घराण्याची एक सवय होती: एक अक्षर म्हणजे एक बाईट. एका बाईटमध्ये २५६ घरं. पहिली १२८ इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राच्या आतल्या खुणा ह्यांना दिलेली. उरलेली १२८ कोणाला द्यायची हे देशागणिक ठरे. त्या वाटपाच्या तक्त्याला कोडपेज म्हणत. पश्चिम युरोपचा तक्ता १२५२ क्रमांकाचा, रशियनचा १२५१, ग्रीकचा १२५३, अरबीचा १२५६. देवनागरीचा तक्ता कितवा? कितवाच नाही. विंडोज ९८ मध्ये देवनागरीसाठी कोडपेज नव्हतं. भारतात विकली जाणारी विंडोज ९८ मुकाट्याने १२५२ वर चाले, म्हणजे आपल्याकडच्या तलाठी कार्यालयातल्या संगणकात फ्रेंच आणि जर्मन अक्षरांची सोय होती, 'क' ची नव्हती.

मग १९९८ ते २००५ ह्या काळात लग्नपत्रिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचे ठराव हे सगळं मराठीत टाईप होत होतं ते कसं? फॉन्टने. फॉन्ट म्हणजे शेवटी चित्रांची पेटी. 'd' च्या घरात 'd' चंच चित्र असलं पाहिजे असा काही कायदा नाही. आपल्या लोकांनी त्या घरात 'क' चं चित्र ठेवलं. संगणकाला वाटे माणूस इंग्रजी लिहितोय, पडद्यावर मात्र मराठी उमटे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगलोरची आकृती, किरण भावे ह्यांचा फुकट मिळणारा किरण फॉन्ट... नावं अनेक, युक्ती एकच.

युक्ती झकास होती ह्यात शंका नाही. पण घरं जेमतेम दोनशे आणि देवनागरीची जोडाक्षरं धरली तर चित्रं कित्येक शे. मग अक्षरांचे तुकडे केले. अर्धा 'भ' एका घरात, काना दुसऱ्या घरात; दोन्ही शेजारी ठेवले की 'भ'. म्हणजे 'भ' हे संगणकाच्या हिशेबी एक अक्षर नव्हतंच, दोन होती. शोधायला जावं तर भलतंच सापडे. मतदारांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली तर ती इंग्रजी कळांच्या क्रमाने लागे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक कंपनीची तुकड्यांची वाटणी वेगळी. एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याचा फॉन्ट लावून पाहिला की अक्षरं दिसत मराठीच, पण शब्द पिशाच्च भाषेतले.

ही तुकड्यांची रीत आली टाईपरायटरवरून. माझे वडील सातारा जिल्ह्यात कारकून होते. सगळा जन्म रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टाईपरायटरवर गेला. टाईपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारावी लागे, मग अक्षर. कारण कागद डावीकडून भरत जातो आणि वेलांटी डावीकडे असते. 'मिनिट' लिहायचं तर वेलांटी, म, वेलांटी, न, ट. विंडोज ९८ वरच्या फॉन्टनी हीच रीत उचलली. म्हणून १९९७ ला निवृत्त झालेले, संगणकाला कधी हात न लावलेले बाबा १९९९ साली घरी यंत्र आल्यावर आठवड्याभरात आमच्यापेक्षा जलद मराठी टाईप करू लागले. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, विंडोज ९८ वरची मराठी हा पडदा लावलेला टाईपरायटरच होता. बाबांना नवीन काही शिकावंच लागलं नाही.

खरं तर ह्याहून शहाणा मार्ग आपल्याकडे आधीच शोधून झाला होता, आणि तोही आपल्याच लोकांनी. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि मंडळींनी भारतीय लिपींसाठी काम सुरू केलं, पुढे ते पुण्यात सी-डॅकमध्ये आलं. त्यांचं जिस्ट कार्ड संगणकात खुपसलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. त्यामागचा विचार असा: फाईलमध्ये साठवायचं ते अक्षर, चित्र नव्हे. 'क', हलन्त, 'ष' एवढंच साठवा. त्याचा 'क्ष' काढायचं काम यंत्राचं. 'कि' लिहिताना आधी 'क' मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं हीसुद्धा यंत्राची जबाबदारी. ह्या विचारातून इस्की नावाचं भारतीय मानक आलं, १९८८ साली आधी आणि १९९१ मध्ये सुधारून. युनिकोडची देवनागरी ह्याच १९८८ च्या इस्कीवरून घेतली. इनस्क्रिप्ट कळफलकही ह्याच घराण्यातला.

म्हणजे मानक आमच्या खिशात होतं. पण विंडोजने ते अंगाला लावून घेतलं नाही आणि आपल्या बाजारालाही त्याची निकड वाटली नाही. का? माझं मत सांगतो. फॉन्ट विकता येत होता. पाकिटात सीडी आणि संगणकाच्या मागे खोचायचा लॉक, ज्याला सगळे डोंगल म्हणत, असा तो धंदा होता. ज्याचा मजकूर त्याच्याच फॉन्टमध्ये उघडतो, ते गिऱ्हाईक जाणार कुठे? शिवाय ज्यांच्याकडे पैसा होता त्या कंपन्यांचं सगळं काम इंग्रजीत चाले. मराठी संगणकावर आली ती छापखान्याच्या आणि सरकारी टाईपिंगच्या दारातून, आणि त्या दोघांना कागदावर छापून मिळालं की भागत असे.

आता अरबीकडे बघा. मी २००२ साली दुबईत आलो तेव्हा सिलिकॉन ओएसिस नव्हतं. संगणकाचं काही हवं असलं की बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्यावर आणि अल ऐन सेंटरमध्ये जायचं. तिथे विंडोज ९८ च्या दोन प्रकारच्या सीड्या पाहिल्या. एक साधी इंग्रजी, एक अरबीची. अरबी लिपीची अडचण आपल्याहून कमी नाही. उजवीकडून डावीकडे लिहायचं, आणि 'बा' सारखं एकच अक्षर एकटं असताना वेगळं, शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मधे वेगळं, शेवटी वेगळं दिसतं. पण अरबी विंडोज ९८ मध्ये फाईलमध्ये साठवला जाई तो फक्त 'बा'. चारांतलं कुठलं रूप काढायचं ते विंडोज ठरवे. म्हणजे तांब्यांनी देवनागरीसाठी जे सांगितलं होतं तेच इथे दुकानात विकत मिळत होतं. अरब देशांनी आपापसांत अक्षरांचं मानक ठरवलं होतं, कुवेतच्या सख्र कंपनीने तर १९८० च्या दशकातच अरबीतले घरगुती संगणक काढले होते, आणि मुख्य म्हणजे इथली सरकारं मोठं गिऱ्हाईक होती. ती अरबीशिवाय यंत्र घेत नसत. आपण इंग्रजीवर भागवून घेतलं, आणि भागवून घेणाऱ्यासाठी कोणी वेगळी सीडी काढत नाही.

तरी अरबीचाही तो संसार दोन चुलींचा होता. इंग्रजी विंडोज ९८ वर अरबी लिहिता येत नसे. दोन्ही बाजूंना उपाय झाला तो मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या घराण्यातून. विंडोज एनटी हे डेव्ह कटलर ह्यांच्या हाताखाली १९८८ पासून वेगळं, डॉसशिवाय, उभं केलेलं घर. १९९३ ला ते बाहेर आलं तेच आतून युनिकोड बोलणारं. एक बाईट नाही, दोन. २५६ घरं नाहीत, ६५ हजार. त्यात देवनागरीला स्वतःचं १२८ घरांचं आवार मिळालं. पण एनटीला मेमरी फार लागे, किंमतही फार, म्हणून ते बँकांत आणि मोठ्या ऑफिसांत राहिलं आणि घराघरांत डॉसचं घराणंच चालू राहिलं. १७ फेब्रुवारी २००० ला आलेल्या विंडोज २००० मध्ये एनटी घराण्याला पहिल्यांदा भारतीय लिपी आल्या. हिंदी, मराठी, कोंकणी, संस्कृत आणि तमिळ. आपण पहिल्या पंगतीत होतो बरं का! गुजराती, कन्नड, तेलुगू, पंजाबी एक्सपीत आल्या. बंगाली आणि मल्याळमला तर २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पर्यंत थांबावं लागलं. आणि २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपीने ही दोन घराणी एक केली. घरच्या यंत्रातही आता एनटीचाच पाया आला.

मग एक्सपी बसवली की मराठी दिसायला हवी. दिसत नसे! कारण एक टिकमार्क. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत दुसऱ्या पानावर एक छोटी चौकट होती. तिच्यापुढच्या ओळीचा मराठीत अर्थ असा: जटिल लिपी आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फायली बसवा, थाईसह. ती चौकट रिकामी असे. तिच्यात टिक केली की विंडोज मूळ सीडी मागे. आता भारतात गल्लीतल्या पोराकडून जोडून घेतलेल्या यंत्राची 'मूळ सीडी' कोणाकडे असणार? ज्या पोराने यंत्र जोडलं त्याच्याकडे. ते पोरगं कुठे? नोकरी लागून पुण्याला. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या सायबर कॅफेत एक्सपी होती, टिक नव्हती. बाबा तिथे जाऊन माझी मेल उघडत आणि मला फोन करत.

"अरे, तू पाठवलंयस ते मराठी आहे का?"

"हो बाबा. काय दिसतंय तुम्हाला?"

"चौकटी. नुसत्या चौकटी. खिडक्यांची चाळ आहे."

इकडे दुबईत मला एक गंमत कळली. माझ्या ऑफिसच्या यंत्रात मी काहीही न करता मराठी नीट दिसत होती. मी खूप दिवस समजत होतो की आमचा आयटीवाला मलबारी भला माणूस आहे, त्याने सगळ्या भारतीयांसाठी सोय केलीय. तसं काही नव्हतं. दुबईतल्या यंत्रावर अरबी चालू करावीच लागे. अरबी उजवीकडून डावीकडे, देवनागरी जटिल. दोघींसाठी टिकमार्क एकच. शेखसाहेबांच्या सरकारसाठी जी टिक केली होती तिच्याच पदराआडून मराठी माझ्या यंत्रात शिरली होती. चित्र जुळवायचं काम करणारी युनिस्क्राईब नावाची एकच फाईल अरबी 'बा' ची चार रूपंही ठरवते आणि आपली वेलांटीही डावीकडे नेते. तांब्यांची 'यंत्राची जबाबदारी' ती हीच.

ह्या शेजाराचे काही प्रताप पण होते. अरबी चालू असलेल्या यंत्रात उजव्या बाजूच्या कंट्रोल आणि शिफ्ट कळा एकदम दाबल्या की ओळीची दिशाच उलटते. मराठी लिहिताना शिफ्ट सारखी लागते. बोट चुकलं की माझं पत्र धाडकन उजव्या कडेला जाऊन चिकटे आणि वाक्याचा पूर्णविराम डाव्या टोकाला लटके. एकदा तसंच पाठवलं. आईने विचारलं, तिकडे सगळं उलटं लिहितात का रे?

आता चौकटी आणि प्रश्नचिन्हं ह्यांतला फरक सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. मराठी मजकुराच्या जागी चौकट दिसली तर घाबरू नये. अक्षर आत शाबूत असतं, यंत्राकडे त्याचं चित्र नसतं एवढंच. फॉन्ट द्या, अक्षर उठून उभं राहतं. प्रश्नचिन्ह दिसलं तर मात्र अक्षर गेलं. एखाद्या कार्यक्रमाने मजकूर जुन्या २५६ घरांच्या तक्त्यात कोंबायचा प्रयत्न केला, ह्या अक्षराला तिथे घर मिळालं नाही, म्हणून त्याने जागेवर '?' ठेवून दिलं. 'क' चंही '?', 'ज्ञ' चंही '?'. परत येण्याचा रस्ता नाही. त्या काळात यंत्रायंत्रांत, मेलमेलमध्ये ही दोन घराणी एकत्र नांदत होती आणि सीमेवर अशी अक्षरं मरत होती.

एक्सपीच्या मराठीत सगळंच गोड नव्हतं. तिच्याबरोबर मिळणारा देवनागरी फॉन्ट एकच, मंगल. तो केला आपल्याच र. कृ. जोशींनी, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे, सुलेखनकार आणि कवी. २००८ साली ते गेले. लहान आकारात, त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर मंगल फार स्वच्छ वाचता येई, ह्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यातले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. लाडू आणि शेवेच्या आकारांवर वाढलेल्या मराठी डोळ्याला ते खुपत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हेच प्रमाण म्हणून सांगितले, पण शासन निर्णयाने फॉन्ट बदलत नाही. 'वाऱ्यावर' मधला अर्धा 'र' काढायला नुक्त्याचा 'ऱ' वापरावा लागतो हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी दऱ्याखोऱ्यांचं 'दर्याखोर्यां' करून समुद्र आणि डोंगर एक करत होतो. जुन्या फॉन्टमध्ये हा 'र' सरळ एका कळेवर होता.

छापखान्यांनी तर एक्सपीच्या मराठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे डझनावारी सुंदर फॉन्ट होते आणि पेजमेकर होता. पेजमेकरला युनिकोड मराठी कधी कळलीच नाही. इनडिझाईनला भारतीय लिपी नीट जमू लागल्या त्या २०१२ च्या सीएस ६ पासून. म्हणजे घरचा माणूस एक्सपीवर युनिकोडमध्ये लेख लिहितोय, संपादक तो पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये बदलून छापतोय, आणि अंक संकेतस्थळावर टाकताना पुन्हा उलटा बदल. असा प्रकार दहा वर्षं चालला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तेव्हा तो वाचायला टिकमार्क केलेलं यंत्र मिळणं हीच पहिली परीक्षा होती. ही टिक करायची गरज संपली ती व्हिस्टापासून, जानेवारी २००७ ला. व्हिस्टाला लोकांनी खूप शिव्या दिल्या, मीही दिल्या, पण भारतीय लिपी न मागता देणारी पहिली विंडोज तीच. विंडोज ९८ चा पाठिंबा त्याआधीच, ११ जुलै २००६ ला, संपला होता; आमच्या साताऱ्याच्या यंत्राला ते कोणी कळवलं नाही, ते पुढेही वर्षभर चालत होतं.

त्या यंत्रावर बाबांनी १९९९ ते २००२ मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या. एकोणीस प्रकरणं. त्यांची उमेदीची वर्षं पाटण तालुक्यात गेली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते तिथेच होते, अठ्ठावीस वर्षांचे. भूकंप आणि त्यानंतरचे मदतीचे महिने, पडलेल्या घरांच्या याद्या, धान्यवाटप, ह्यावर चार प्रकरणं आहेत. २००३ मध्ये यंत्र कुरकुरू लागलं. ज्या पॅकेजमध्ये बाबा लिहीत त्याचा डोंगलही बिघडायच्या बेतात होता. म्हणून मी चुलतभावाला सांगितलं की सगळं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये काढ आणि मला पाठव. अठरा प्रकरणं त्याने फाईल जोडून पाठवली. एक मोठं होतं की काय कोण जाणे, ते त्याने मेलच्या मजकुरातच चिकटवलं.

मी ती अठरा इथल्या एक्सपीवर नोटपॅडमध्ये उघडली. यंत्राचं मूळ कोडपेज अरबी, १२५६. बाबांचा मजकूर १२५२ च्या घरांतला. खालच्या १२८ घरांत बसलेले तुकडे इंग्रजी अक्षरं म्हणून दिसले, वरच्या घरांतले अरबी म्हणून, आणि उत्तर आफ्रिकेच्या सोयीसाठी अरबी तक्त्यात काही फ्रेंच अक्षरं असतात तीही मधे मधे. वर अरबीचे तुकडे उजवीकडून डावीकडे मांडले जात असल्याने ओळीतला क्रमही विस्कटलेला. माझ्या बापाची मराठी कैरो आणि अल्जिअर्सच्या बाजारात हरवल्यासारखी. मी काय करावं? 'नंतर फॉन्ट लावून बघू' म्हणून ती तशीच युनिकोडमध्ये सेव्ह केली आणि जागा वाचवायला मूळ फायली पुसल्या. तीन मेगाबाईट वाचवले असतील.

बाबा २०१२ ला गेले. डोंगल, पॅकेजची सीडी, फॉन्ट काहीच उरलं नाही. ऑक्टोबरात यंत्रं बदलताना खण आवरला त्यात माझी २००३ ची सीडी निघाली.

अठरा प्रकरणांचं कोडं सुटलं. १२५६ च्या तक्त्यात एकही घर रिकामं नाही, त्यामुळे उलट्या वाटेने प्रत्येक अरबी अक्षराचा मूळ बाईट मिळतो. फॉन्ट नव्हता, पण साताऱ्याच्या कपाटात बाबांनी छापून ठेवलेली पहिल्या प्रकरणाची सात पानं होती. भाच्याने त्यांचे फोटो पाठवले. ती शेजारी ठेवून कुठल्या बाईटला कुठला तुकडा हा तक्ता संध्याकाळी बसून बनवला, साधारण महिना लागला. मग एक छोटा प्रोग्राम: अर्धा 'भ' आणि काना मिळून 'भ' करणारा, वेलांटी अक्षराच्या मागे नेणारा, रफार पुढे आणणारा. युनिस्क्राईब जे पडद्यावर करतं त्याच्या बरोबर उलट. पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावर 'मिनिट' हा शब्द सरळ उमटला आणि मी उठून चहा करायला गेलो.

एकोणिसावं, मेलमध्ये चिकटवलेलं प्रकरण म्हणजे भूकंपाच्या पहाटेचं. त्यात वरच्या १२८ घरांतले सगळे तुकडे प्रश्नचिन्हं झालेत. ह्या फॉन्टमध्ये वरच्या घरांत काय काय होतं ते आता माझ्या तक्त्यावरून ठाऊक आहे: अर्धा 'म', अर्धा 'न', 'वाऱ्यावर' मधला 'र', 'ट्ट', 'द्ध', असे तीस-पस्तीस तुकडे. बहुतेक शब्द अंदाजाने भरता येतात. 'को?ना' म्हणजे काय ते सांगायला नको. साडेतीनशे जागा होत्या, त्यातल्या दहा-बारा उरल्यात.

त्यातली एक अशी. पाटणला बाबा आणखी दोघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहत. पहिल्या हादऱ्याला भिंत पडू लागली तेव्हा ते झोपेत होते, आणि "ना?याने मला पायाला धरून ओढत बाहेर आणलं" असं वाक्य आहे. नाऱ्या, नाम्या की नान्या, तिन्ही बसतात. काकांना फोन केला. वय ८१, स्मरण चांगलं आहे.

"काका, पाटणला बाबांच्या खोलीत कोण कोण होतं, आठवतं का तुम्हाला?"

"आठवतं की. एक नारायण होता, एक नामदेव. दोघंही तुझ्या बापाचे जिवलग. का रे?"

प्रकरण छापायला देताना मी ते प्रश्नचिन्ह तसंच ठेवलंय.